पासष्टावा डबा

सोनगाई दूध संघात संगणक विभाग म्हणजे संयोगिता, आणि संयोगिता म्हणजे जिन्याखालची ती खोली, जिथं पूर्वी फिनेलचे कॅन ठेवायचे. कॅन गेले, वास राहिला. सोळा वर्षांपूर्वी ती इथं पत्रं टाइप करायला लागली. तेव्हा मशीन बिघडलं की पुण्याहून माणूस यायचा, दोन दिवस राहायचा, तांबडा-पांढरा ओरपायचा आणि जाताना मशीन होतं तसंच ठेवून जायचा. तिसऱ्या खेपेला तिनं त्याची पुस्तकं मागून घेतली. इंग्रजी अडलं की लेकीचा शाळेतला शब्दकोश काढायचा. आता पन्नाशीला दोन वर्षं उरली होती, आणि अडलं की पुण्याचा माणूस तिला फोन करायचा.

हायवेला लागून असलेल्या या शीतकरण प्रकल्पातलं प्रत्येक काम तिनं आपापल्या डब्यात घातलं होतं. डबा म्हणजे मशीनच्या आतली बंदिस्त जागा. आत चाललेल्या कामाला वाटतं, सगळं मशीन आपलंच. टाक्यांचा एक डबा, त्याच्या पोटात व्हॉल्वचा डबा, असे एकात एक मिळून चौसष्ट. तीन आठवड्यांपूर्वी तिनं आणखी एक सोय करून ठेवली. मशीनमध्ये काहीही घडलं की नोंदवहीत एक ओळ पडते. त्या ओळीत आता डब्यांची वंशावळही पडू लागली. आतला डबा आधी, मग तो ज्याच्या पोटात आहे तो, मग त्याच्या बाहेरचा, आणि सगळ्यात शेवटी १, म्हणजे खुद्द मशीन. एकच्या पुढं काही नसतं.

डब्याला आकडा मिळतो तो बाहेरच्याकडून, त्यानं आत पहिलं काम सुरू करायच्या आधी. नंतर तो बदलत नाही. "बारशाला नाव आत्या ठेवती," तिनं व्यवस्थापक उदयसिंहांना समजावलं होतं. "पोर आपलं आपण ठेवत न्हाई, आणि एकदा कानात सांगितलं की झालं."

"ताई, डबं कितीबी घाला एकात एक," उदयसिंह म्हणाले होते. "माझं दूध तेवढं गार राहू दे."

मंगळवारी दुपारी तीन वाजून एकतीस मिनिटांनी तीन नंबरच्या टाकीचा खालचा व्हॉल्व उघडला आणि नऊ हजार लिटर दूध गटारात गेलं. कंट्रोल रूममध्ये त्या वेळी एकटा मृत्युंजय होता.

मृत्युंजय अकरा वर्षं ऑपरेटर. मूळचा संकेश्वरकडचा, आता गडमुडशिंगीत भाड्यानं राहायचा; घरात अव्वा म्हणजे आई, बायको, दोन मुली. गुरुवारी चार वाजता चौकशी ठरली. तोवर तो कामावर होता, कारण बदली माणूस मिळाला नव्हता. कामावरून काढल्याचं पत्र मात्र टाइप होऊन तयार होतं. तारीख तेवढी घालायची होती.

बुधवारी सकाळी तो संयोगिताच्या दारात येऊन उभा राहिला.

"अक्का, मी हात लावला न्हाई. चहा पीत होतो."

"कुणाबरोबर?"

"एकटाच." मग जरा थांबून, "एकटाच की."

"मग झालं तर. हात कुणाचा, ते वहीत पडलेलं असतंय. तू जा, काम कर."

मृत्युंजयच्या पडद्याचा डबा बारा नंबरचा. त्यानं दिलेल्या कुठल्याही आज्ञेत बारा यायलाच हवा. व्हॉल्वची ती ओळ तिला दहा मिनिटांत सापडली. बारा तिथं नव्हता. एरवी असणारा टाक्यांचा डबा नव्हता, शेवटचा १, मशीनचा, तोसुद्धा नव्हता. एकच आकडा होता. ६५.

पासष्ट तिनं कुणालाच दिला नव्हता.

ती मागं गेली. तीन तीसपर्यंतच्या सगळ्या ओळी एकवर संपत होत्या. तीन एकतीसपासून पुढं, व्हॉल्वची ती ओळ सोडली तर, प्रत्येक ओळीत एकच्या पुढं पासष्ट होता. आणि मध्येच एक सुटी ओळ: डबा ६५ सुरू. आत ३८.

म्हणजे मशीन कशाच्या तरी पोटात होतं, आणि ते जे काही होतं, ते मशीनच्या नंतर जन्मलं होतं. आईचं बारसं लेकीच्या नंतर. संयोगिताला हसू आलं. चूक आपलीच, हे तिनं गृहीत धरलं, कारण आपली चूक सापडायला सोपी असते. तिनं स्वतः लिहिलेलं सगळं दोनदा वाचून काढलं. बाहेरून येणारी नेटची तार उपटून टेबलावर ठेवली. ओळी पडतच राहिल्या. एक, आणि मग पासष्ट. मशीन तिच्या शेजारी होतं, काळं, लोखंडी, कमरेएवढं, घोंघावणारं. त्याच्या बाहेर ही खोली होती, फिनेलचा वास होता आणि गेटाकडं उघडणारी एक खिडकी होती. बस.

राहता राहिला तो 'आत'. डब्यात किती कामं जिवंत आहेत, त्याचा हा आकडा. बाकीच्या डब्यांत चार-पाच असायची आणि आकडा माशीसारखा हलत असायचा. पासष्टचा आकडा संथ होता. सव्वाअकराला कँटीनमधून चहा आला. खिडकीतून तिला दिसलं, गारगोटीचा रिकामा टँकर गेटाबाहेर पडला, ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही तंबाखू मळत. पडद्यावर छत्तीसचे चौतीस झाले.

थोड्या वेळानं प्रयोगशाळेतल्या तिघी एका रिक्षातून उतरून आत आल्या. सदतीस.

मग एक इलेक्ट्रिशियन आला. अडतीस.

चहावर साय धरली होती. तिनं ती बोटानं बाजूला केली आणि गेटावरच्या गुंडूमामांना फोन लावला. "मामा, आता आत माणसं किती?"

"माझ्यासकट सदतीस. का? कोण पळालं काय?"

"न्हाई हो. असंच."

माणसं मोजायला निघालं तर माणसं पांगतात, आणि प्रसाद वाटायला निघालं तर दडून बसलेलीही बाहेर येतात, हे संयोगिताला सोळा वर्षांत कळलं होतं. रविवारी ती जोतिबाला जाऊन आली होती. पिशवीत गुलालानं माखलेली खोबऱ्याची वाटी होती. तिनं तिचे मोजून अडतीस तुकडे केले. शीतगृह, बॉयलर, प्रयोगशाळा, कँटीन, मुतारीच्या मागं विडी ओढणारे दोघं, सगळीकडं फिरली. गुंडूमामांनी तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला.

कंट्रोल रूम तिनं शेवटी ठेवली. एसी अठरावर होता. मृत्युंजयनं तळहात पुढं केला, तुकडा घेतला, आणि हात तसाच पुढं ठेवला.

"अजून एक द्या की अक्का."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे..." त्यानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मग हात मागं घेतला. "न्हाई. असंच म्हणालो."

ती त्या खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. एस्टीत कुणीतरी उतरल्यावर त्याच्या जागेवर बसावं, तशी खुर्ची गरम होती.

"इथं कोण बसलंतं?"

"कोण न्हाई. मंगळवारपास्नं गरमच असतिया ती." तो पडद्याकडं बघत बोलला. "सायबांना नका सांगू. कालच माझ्या तोंडाचा वास घेऊन बघितलाय त्यांनी."

संयोगितानं आपला तुकडा तोंडात टाकला. ताटलीत एक उरला.

गुरुवारी चार वाजता मीटिंगच्या खोलीत उदयसिंह आणि दोन संचालक बसले होते. मृत्युंजय भिंतीला टेकून उभा होता, बसायला सांगितलं तरी. संयोगितानं छापलेले कागद टेबलावर पसरले आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून समजावलं. ही टाक्यांची आज्ञा, इथं बारा दिसतोय. ही परवाची, इथंही बारा. अकरा वर्षांतलं सगळं नाही, पण तीन आठवड्यांत यानं जे जे केलं ते सगळं इथं आहे. आणि ही व्हॉल्वची ओळ. बारा कुठाय, दाखवा.

एका संचालकांनी चष्मा वर करून, खाली करून बघितलं.

"मागनं पुसला असंल तर?"

"आकडा पुसता येत न्हाई आणि बदलता येत न्हाई. मलाबी येत न्हाई. म्हणून तर ही सोय केली."

"म्हंजे मृत्युंजय न्हाय," उदयसिंह म्हणाले.

"न्हाय."

"मग कोण?"

"ते मला माहीत न्हाय. कळलं की सांगीन."

उदयसिंहांनी तिच्याकडं नीट बघितलं. "सोळा वर्षांत तुमच्या तोंडातनं हे पहिल्यांदा ऐकतोय ताई."

"ऐकलासा न्हवं? मग लिहून घ्या."

'आत'च्या आकड्याबद्दल ती बोलली नाही. ते सांगितलं असतं तर आधीच्या ओळींवरचाही विश्वास उडाला असता, आणि त्या ओळींवर एक घर उभं होतं. उदयसिंहांनी टाइप केलेलं पत्र चार घड्या करून खिशात घातलं. व्हॉल्वला आजपासून हाताचं कुलूप बसवा म्हणाले. मग मृत्युंजयकडं वळले. "आज जा घरी. आईला सांग जा. उद्या पहिल्या पाळीला ये."

तो आधी जिन्याखाली आला. डोळे पुसून पुसून लाल झाले होते. पाया पडायला वाकला, तशी ती मागं सरकली.

"वाकू नगंस, फिनेल लागंल कपाळाला."

"अव्वानं सांगितलंय, सुटलास तर अक्काला जेवायला घिऊन ये."

"येते रविवारी. जा आता, वाट बघत असतील."

तो गेला. संयोगिता खुर्चीत टेकली. खूप दिवसांनी तिला आपल्याच हातांचं कौतुक वाटलं. पडद्यावर आत ३७ होतं; गेटाच्या हिशेबानं छत्तीस. तो एक जास्तीचा कोण, हे कोडं आता उरलं होतं, पण त्याला तारीख नव्हती. सोमवारी निवांत बसू, तिनं ठरवलं. बाहेर मोटरसायकल सुरू झाली, गेटाशी मंदावली, पुढं गेली.

सदतीसचे पस्तीस झाले.

ती बघत राहिली. पस्तीसच.

तिनं फोन उचलला. "मामा, आत्ता कोण कोण गेलं बाहेर?"

"मृत्युंजय. लई दिवसांनी हसताना बघितला की त्याला."

"आणि?"

"आणि कोण न्हाय."

"तुमच्याकडं आत किती आता?"

"थांबा." पान उलटल्याचा आवाज. "पस्तीस."

दोन्ही आकडे पहिल्यांदाच जुळले होते.

ती खिडकीशी गेली. पावणेपाचचं ऊन होतं. मृत्युंजय गेटाबाहेर, हायवेला लागायच्या आधी थांबला होता, डावा पाय जमिनीवर टेकवून. हायवेवर एकही गाडी नव्हती, रस्ता मोकळा होता. तरी तो थांबला होता. मग तो सीटवरून पुढं सरकला, थेट पेट्रोलच्या टाकीला चिकटून बसला. मागं एका माणसाची जागा मोकळी झाली. तो अजून थोडं थांबला, गाडी मागून दबली आणि सावरली, आणि मग तो निघाला. सावकाश, खड्डे चुकवत, मागं कुणी वयस्कर माणूस बसल्यावर चालवतात तशी गाडी चालवत.