अंबाड्यासाठी खाच

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा हात गाडीच्या सीटशेजारच्या फटीत कोपरापर्यंत अडकला होता आणि आत त्याचा मोबाईल वाजत होता. गाडी नेमकी आमच्या दुकानासमोर थांबलेली. मी दुसऱ्या बाजूने डावा हात घातला आणि मोबाईल काढून दिला.

“या फटीला काही झाकण नाही का हो बसवता येत?”

“येतं की. गाडी बनवणाऱ्यांना जे सुचत नाही, ते सगळं आम्ही करतो.”

बाबा सीटची कव्हरं शिवतात, मी मापं घेते आणि सामान बसवते. बाबांचा नियम एकच : सोय कुणासाठी, हे कार्डावर लिहिल्याशिवाय कात्री चालवायची नाही.

रस्त्याच्या टोकाला चष्म्याचं दुकान आहे, ते त्याचं. मग चष्मेवाला काही ना काही निमित्ताने रोज डोकावू लागला. हसला की त्याच्याच चष्म्यावर वाफ धरायची... आणि मी उगीचच कामात आहे असं दाखवायचे. आठवड्याभराने तो शेजारच्या सीटपुढे पिशवी अडकवायला हूक हवा म्हणाला.

“कुणासाठी?” मी कार्ड पुढे ओढलं.

तो गडबडला. कान लालेलाल. “आहे... एकजण.”

झालं! तो मला आवडतो हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्याच क्षणी ती एकजण माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

मग तिच्या सोयींना ऊतच आला. कप ठेवायची जागा दाराच्या बाजूला हवी, कारण ती डावखुरी. उन्हाची झडप आणखी खाली यायला हवी, कारण ती ठेंगणी, आणि डोळ्यांवर ऊन आलं की भलती चिडते.

“चिडकी आहे वाटतं,” मी गोड आवाजात म्हटलं.

“खूप,” तो म्हणाला. “पण चिडली की छान दिसते.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी तीन स्क्रू वाकडे पिळले.

शेवटची मागणी म्हणजे कहर होता. “डोकं टेकायच्या उशीला मागे एक खाच करता येईल? ती अंबाडा घालते ना... टोचतो तिला.”

मी माझ्या अंबाड्यातली पेन्सिल उपसून काढली आणि कार्डावर खसाखसा लिहिलं. अंबाडेवाल्यांचे गाडीत काय हाल होतात ते मला चांगलं ठाऊक आहे. पण हिची मला काडीची दया आली नाही. मी खाच मुद्दाम दोन बोटं खाली आखली.

“खाली गेलीय गं,” बाबा म्हणाले.

“तिची मान आखूड आहे,” मी ठोकून दिलं.

आणि चष्मेवाल्याला निरोप धाडला : बसून पाहिल्याशिवाय गाडी सोडत नाही, तिला घेऊन या. एकदा बघायचंच होतं मला ते ध्यान!

शनिवारी संध्याकाळी तो आला. एकटाच.

“कुठंय ती?”

“तुम्ही बसून बघा ना,” तो पुटपुटला.

मी धुसफुसत बसले. हूक बरोबर गुडघ्यापाशी. कप डाव्या हाताशी. झडप ओढली, तर सावली थेट नाकापर्यंत. मग मी डोकं मागे टेकलं... आणि अंबाडा कच्चकन टोचला.

मी सावकाश त्याच्याकडे वळले. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

“त्या दिवशी कार्डासाठी तुझं नाव सांगायची हिंमतच झाली नाही,” तो म्हणाला. “मग एकेक सोय वाढवत गेलो. वाटलं, तुला कळेल... नीट बसलं ना सगळं?”

“खाच चुकलीय. मुद्दाम चुकवलीय मी. तिला टोचावं म्हणून. जळत होते मी तिच्यावर. अजूनही जळतेय!”

“आता कशाला?”

“तिच्यासाठी एवढं सगळं केलंस, आणि मला साधं कॉफीला विचारलं नाहीस!”

तो हसत हसत पलीकडून येऊन स्टिअरिंगमागे बसला. “आत्ता विचारलं तर?”

आतून बाबांनी आवाज दिला, “झाली का गं गाडी?”

“नाही!” मी दार ओढून घेत ओरडले. “चालवून बघून येतो!”