आपोंदीचा नंबर

लिलियन, तो स्टेथोस्कोप गळ्यातून काढ बाई आता. तुला मिळाला, सगळ्या गावानं पाहिला, आता खोक्यांना चिकटपट्टी लाव. आणि ओपियो, तू तोंड फुगवून बसू नकोस. तुला बूट दिलेत ना पाहुण्यांनी? मग दुसऱ्याच्या गळ्याकडे काय बघतोस? दर वर्षी हेच. डॉक्टर मंडळी येतात, दोन आठवडे प्रार्थना म्हणून म्हणून रोग्यांना बरं करतात आणि जाता जाता आमच्या माणसांना नवाच रोग लावून जातात. याला टॉर्च मिळाली, तिला चष्मा मिळाला, मग मला काय? दवाखान्याची रात्रीची राखण करता करता माझे केस पिकले हे बघून.

उद्या पाहुण्यांना किसुमूच्या विमानतळावर कोण सोडणार? तूच ना, ओपियो? म्हणजे येताना अंधार पडणार. मग सरक शेगडीजवळ. तुला एक सांगायचंच होतं. हसू नकोस, ही ऐकीव गोष्ट नाही. वासोंगाची आहे. तुझ्याआधी हीच गाडी तो चालवायचा. अर्धी गोष्ट त्यानं मला याच पायरीवर बसून सांगितली, आणि अर्धी मी डोळ्यांनी पाहिली.

वासोंगा माणूस सरळ. नको तितका सरळ. त्याची पहिली बायको आपोंदी. तिचे दिवस भरत आले होते, पाय सुजलेले, डोकं सारखं दुखायचं. पाहुणे डॉक्टर आले तशी बिचारी रांगेत उभी राहिली. तेव्हाही मनगटाला नंबराची पट्टी बांधायचे, अगदी आत्तासारखीच. प्लास्टिकची. एकदा बसली की कापल्याशिवाय निघत नाही. दर वर्षी रंग वेगळा, त्या वर्षी पिवळा होता. आपोंदीचा नंबर एकशे बारा. शेवटच्या शुक्रवारी दुपारी हाक शंभरापर्यंत आली आणि पाहुण्यांनी टेबलं आवरायला घेतली. विमान काय कुणासाठी थांबतं?

आपोंदी नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही एक शब्द टाका ना. मार्था डॉक्टर रोज तुमच्या शेजारी बसून जाते-येते. तुमचं ऐकेल ती."

"आपल्याच माणसाला पुढे घातलं तर लोक काय म्हणतील गं?" हा म्हणाला. "सोमवारी सरकारी दवाखान्यात नेतो की तुला."

हा पाहुण्यांना घेऊन किसुमूला निघून गेला. गावात गाडी तेवढी एकच. संध्याकाळी आपोंदीला झटके यायला लागले. दिरानं तिला मोटारसायकलवर बसवलं, मागून एकीनं धरलं, आणि निघाले. ओढ्याच्या पुलापर्यंत पोचले. पुलावर ती गेली. पोटातल्या बाळासकट.

तिची कबर खणणाऱ्यांत मी होतो. त्यांच्याच अंगणात. पेटीचं झाकण लावताना कुणीतरी ती पिवळी पट्टी कापायला कात्री आणली. आपोंदीची आई म्हणाली, "राहू द्या. नंबर आहे तिचा." एवढं ध्यानात ठेवा.

पुढच्या वर्षी पाहुणे होते तेवढे दोन आठवडे वासोंगानं गाडीच्या किल्लीला हात लावला नाही. मग घरच्यांनी मागे लागून त्याचं दुसरं लग्न लावलं. ही आकेयो. देखणी, हाताला चटपटीत, बोलायला तिखट. पण आतून जळायची. कुणावर? मेलेल्या बाईवर! तू हसतेस लिलियन, पण जिवंत सवत परवडली. तिच्याशी भांडता येतं. ती म्हातारी होते, तिचे दात पडतात. मेलेली मात्र आहे तेवढीच राहते. आकेयोनं दार उघडलं की समोर आपोंदीची कबर. मक्याच्या पिठाची उगाली ढवळायला बसली की सासू म्हणणार, आपोंदीच्या हाताला गुठळी म्हणून व्हायची नाही.

आणि वासोंगा त्या पुलावरून जाताना दोनदा हॉर्न द्यायचा. एकदा आकेयो शेजारी बसली होती.

"कुणाला देता हॉर्न? ना गुरं, ना माणूस."

यानं गिअर बदलला.

"तिला होय? मग तिलाच बसवा इथे. मला उतरवा, मी जाते माहेरी चालत."

त्या दिवसापासून हॉर्न बंद झाला.

तिसऱ्या वर्षी पाहुणे यायच्या आधी वासोंगा स्वतःहून आला आणि म्हणाला, या वर्षी पाहुण्यांना मीच नेतो-आणतो. आकेयोला दिवस होते. पहिल्याच दिवशी हा टोपी हातात धरून मार्था डॉक्टरसमोर उभा राहिला. बाहेर ही रांग! सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ही माझी बायको. हिला आधी बघा." एकदा पोळलेला माणूस, मी त्याला नावं ठेवत नाही. डॉक्टरांनी बघितलं, आकेयोला इथेच ठेवून घेतलं आणि जायच्या आठवड्यात बाळंत केलं. मुलगी झाली. आकेयोनं खाटेवरूनच सांगून टाकलं, हिचं नाव मार्था.

सासू म्हणाली, "चर्चमधलं नाव असू दे ते. पण घरातलं एक नको का, वाडवडलांतलं?"

"नको. मेलेल्यांचं काही नको माझ्या मुलीला."

शुक्रवार आला. ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार. उद्याही तोच आहे, बरं का ओपियो. आठ वर्षं झाली. सकाळी निरोपाची प्रार्थना झाली, बायका गाणी म्हणत फाटकापर्यंत आल्या, आकेयोला बाळासकट घरी पोचवलं, आणि वासोंगा पाहुण्यांना घेऊन निघाला. सगळं ठरल्यासारखं झालं. विमानतळावर मार्था डॉक्टर म्हणाली, मुलीचा फोटो पाठवत जा. यानं तळ्याकाठी मासा खाल्ला, डिझेल भरलं आणि एकटाच परत निघाला. चंद्र नव्हता.

पुलाशी आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. सवयीनं हात हॉर्नवर गेला. मग आकेयो आठवली. हात मागे घेतला.

पूल ओलांडला, आणि गाडीतला दिवा लागला.

दार उघडलं की वर लागतो ना, तो. दारं सगळी बंद. गाडी पळतेय. दिवा लागला... आणि विझला. दार लावून घेतल्यावर विझतो तसा.

मागची सीट करकरली.

वासोंगानं आरशात पाहिलं नाही. मान वळवली नाही. मला म्हणाला, आजोबा, मला कुणी आहे का हे बघायचंच नव्हतं, कारण कोण आहे ते मला ठाऊक होतं.

बराच वेळ नुसता रस्ता. मग मागून, अगदी साध्या आवाजात...

"माझा नंबर आला का?"

हा गप्प.

"तिच्यासाठी तोंड उघडलंत ना?"

हा गप्प. गाडी चालतेय. गाव आलं. घराचं कुंपण दिसलं. यानं गाडी थांबवली. स्वतःचं दार उघडायच्या आधीच... दिवा लागला. विझला.

कुणीतरी उतरलं होतं.

आणि त्याच क्षणी घरात बाळ रडायला लागलं.

यापुढचं मी पाहिलंय. वासोंगाचा भाऊ धावत दवाखान्यात आला, मी बॅटरी घेतली आणि नर्सबाईंना घेऊन गेलो. बाळाला ताप नाही, पोट फुगलेलं नाही, काही नाही. पण थांबेना. दूध तोंडात घेईना. रडून रडून ओठ काळे पडायला लागले. नर्सबाई म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात न्या, गाडी दारातच आहे की. वासोंगा उंबऱ्यात उभा होता, आत पाऊल टाकत नव्हता. म्हणाला, "त्या गाडीत नको. त्या पुलावरून नको."

मग सासूनं बाळाला पुढ्यात घेतलं आणि गेलेल्यांची नावं घ्यायला लागली. ज्या नावाला लेकरू गप्प होईल ते त्याचं, तुम्हाला काय सांगायचं ते.

"न्यागिलो, तू आलीस का?"

रडणं चालूच.

"आमोलो, तू आहेस का गं?"

चालूच.

आजी झाली, पणजी झाली, आत्या झाल्या. नावं संपली. एक नाव राहिलं होतं, आणि ते घ्यायची कुणाची छाती नव्हती.

आकेयो उठून बसली. म्हणाली, "कळतंय मला, सगळे कशाची वाट बघताय ते. नाही. मी या घरात आले तेव्हा ती मेलेली होती, तरी थोरली तीच. अंगण तिचं, चूल तिची, नवरा तिचा. आता पोटची पोरही तिलाच देऊ?"

बाळाचा आवाज बसत चालला होता. मोठ्यानं रडतं ते बरं, हे असं... मध्येच तुटणारं...

"ती गाडीत होती," वासोंगा उंबऱ्यातून म्हणाला. "नंबर आला का, विचारत होती."

आकेयोनं त्याच्याकडे पाहिलं. "मग? काय सांगितलंत?"

"...काही नाही."

"तेव्हाही काही नाही. आताही काही नाही." तिनं सासूच्या हातातून बाळ ओढून घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं. "उघडा तोंड. एकदा तिच्यासाठी उघडा. माझी पोर चाललीय!"

वासोंगानं तोंड उघडलं. आवाज नाही. परत उघडलं.

"आपोंदी..."

बाळ थांबलं.

"आपोंदी, तुझा नंबर आला गं."

इतक्या हळुवार आवाजात त्यानं आकेयोला कधी हाक मारली नव्हती. तिच्या तोंडावर ते सरळ दिसलं. मी बॅटरी खाली केली, मला बघवेना. पण पोर छातीशी लागली होती. गटागटा पीत होती.

आता तिसरीत आहे ती. शाळेत मार्था, घरात आपोंदी. आकेयो दिवसातून दहादा हाक मारते. पाणी आण आपोंदी, दार लाव आपोंदी. आणि प्रत्येक वेळी त्या नावाशी तिचा आवाज अजून अडखळतो. पोटच्या मुलीला सवतीच्या नावानं बोलावायचं, तुमच्या स्टेथोस्कोपचं काय घेऊन बसलात!

हां, ते राहिलंच. पहाटे नर्सबाईंनी बाळाला पुसायला घेतलं. उजवी मूठ घट्ट. बोटं एकेक करून सोडवली. मुठीत पिवळी पट्टी. लाल माती लागलेली. नंबर पुसट झाला होता, पण वाचता येत होता. एकशे बारा. आणि पट्टी अखंड. कुठे कापलेली नाही, बसवलेली टोकं तशीच बसलेली, बांगडीसारखी गोल. मी बॅटरी घेऊन कबरीला चक्कर मारली. माती जशीच्या तशी, वर गवत वाढलेलं.

उद्या पुलावर दोनदा हॉर्न दे, ओपियो. लाजू नकोस.

काय म्हणालास? कापल्याशिवाय पट्टी निघालीच कशी?

...

हात बारीक झाला की निघते, बाळा.