तोडलेल्या वायरीची बेल

दार लोटून घे रे, आणि जवळ बसा. हे मी पाहिलेलं नाही. पण काशीराम वायरमन माझ्यासोबत भांडुपला एका खोलीत सात वर्षं राहिला. तो थापा मारणाऱ्यातला नव्हता.

शहाऐंशी साल. मे महिन्याची दहा तारीख, शनिवार. रात्रीचे साडेआठ. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या मालनबाई आल्या.

"काशीराम, माझ्या शेजारच्या श्यामसुंदरच्या घरची बेल तासभर वाजतेय रे. सगळे गावी गेलेत. किल्ली माझ्याकडे आहे, जरा बंद करून दे ना."

"आणि आजी?"

"तिलाही नेलं म्हणाले."

काशीरामनं पिशवी उचलली. जिन्यात त्याला आठवलं. त्या घरात आजोबा आजारी असताना उशाशी बेलचं बटण बसवलं होतं. ते वारले, मग आजी हाक मारायला तेच दाबायची. 'म्हातारी उगाच वाजवते' म्हणून मुलानं, श्यामसुंदरनं, दिवाळीत ती वायर तोडायला लावली. तोडली कोणी? काशीरामनंच. आजी बघत होती. यानं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मालनबाईंनी दार उघडलं. बेल चालूच. बाहेरचं बटण त्यानं सोडवलं. चालूच. मेन स्विच पाडला. सगळा काळोख...

बेल वाजतच होती.

टॉर्च मारला. तोडलेली वायर भिंतीवर लोंबत होती. तिच्या मागोमाग उजेड आतल्या खोलीच्या दारावर गेला. दाराला बाहेरून कुलूप.

"मालनबाई... ह्याची किल्ली?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

त्यानं हातोडा उचलला. पहिला घाव बसला, आणि बेल थांबली.

आत आजी फरशीवर पडलेली. जिवंत. शेजारी रिकामा तांब्या. ती काशीरामकडे पाहत नव्हती. त्याच्या खांद्यामागे पाहत होती.

"हे गेले काय?"

"कोण, आजी?"

...

काशीराम मागे वळला नाही.

रिक्षा करून दोघांनी तिला हॉस्पिटलात नेलं. तिथून काशीराम सरळ चौकीत गेला. सगळं सांगितलं. वायर आपणच तोडली, तेही. मालनबाईंनीही जबाब दिला: "तीन दिवस आतून ठोकल्याचा आवाज यायचा. मला वाटलं, वर सुतारकाम चाललंय. किल्ली हातात होती माझ्या." श्यामसुंदरला गावाहून बोलावून घेतलं. त्याच्यावर केस झाली. पुढं आजीची मुलगी सुगंधा तिला आपल्या घरी घेऊन गेली. तिथं ती सहा वर्षं जगली. त्या रात्रीबद्दल काही बोलली नाही.

पण हॉस्पिटलात नर्स तिला पुसायला लागली, तेव्हा थांबली. मालनबाईंना हळूच म्हणाली, "ह्यांना आज कोणी तयार केलं?"

तीन दिवस कुलूपबंद खोली. अंगावर मळकं लुगडं, ओठ फुटलेले. आणि केस... चोपून विंचरलेले. तेल लावलेलं. नीट अंबाडा.

अंबाड्यात अबोलीची वेणी. अजून ओली.