चौथीचं दूध

जेवणं आटोपून सगळं सान्ता रुफिना गाव आडवं झालं, तेव्हा ओदिलिया कारंज्यावर निघाली. काम साधंच होतं. छातीवरचं फडकं कारंज्यात भिजवायचं, पिळायचं आणि ओलंच छातीशी धरून घरी यायचं. दूध आटलं की इथल्या बायका हेच करतात. ओदिलियाचं आटून आठ दिवस झाले होते. पाच महिन्यांचा तीनो बकरीचं दूध ओकून टाकायचा, मक्याची पेजही पोटात ठरत नव्हती. पोराच्या पार काड्या झाल्या होत्या.

कारंज्याभोवती चार दगडी बायका उभ्या आहेत, दोन्ही हातांनी आपले स्तन धरून. तिघींच्या स्तनांतून पाणी पडतं, चौथी कोरडी. लांबून बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगतात की या चार नद्या, त्यातली एक आटली. कसल्या नद्या नि कसलं काय!

"पोराला कशाला आणलंस गं?" निकानोरा मावशीनं विचारलं. म्हातारी शेजारच्या हौदावर चादर घासत होती. उभा जन्म तिनं तिथंच धुणी धुतली होती.

"सासूबाई अजून बाजारातच आहेत, मावशी. ठेवू कुणाकडे?"

"मग पाठीवरून उतरवू नकोस. तिघींचं पाणी घे. चौथीकडे फिरकायचं नाही."

"का?"

मावशीनं आवाज खाली आणला. "तिनं गावातल्या एका बाईचं पोर पाजलं होतं. भुकेलं होतं, पाजलं, चांगलंच केलं. पण मग परत देईना... आणि पोरही आईकडे जाईना. शेवटी पाद्रीबाबांनी तिच्या दगडी छातीत शिसं ओतून ती बुजवली."

"गोष्टी गं, मावशी..."

"गोष्टीच. तू आपली पीळ आणि नीघ."

चादर खांद्यावर टाकून मावशी गेली. डोंगरावरून धुकं उतरलं आणि चौक दिसेनासा झाला. ओदिलिया वाकली, तशी पाठीवरची झोळी पुढं घसरायला लागली. धुताना पोराला काठावर बसवायची या गावच्या बायकांना सवयच. तिचे हात आपसूक चालले. शालीत गुंडाळलेला तीनो तिनं काठावर टेकवला, वळून फडकं बुडवलं.

तीनो रडत होता. मग थांबला.

पाण्याच्या आवाजाखाली दुसराच आवाज येत होता. चुटुक... चुटुक... ओल्या चुन्यासारखा वास आला. मान वळवायलाही तिला धीर होईना.

वळून पाहिलं तर तीनो होता तिथंच होता. डोळे मिटलेले, हनुवटीवर पांढरा ओघळ. त्याच्या डोक्याशी चौथी बाई उभी होती आणि तिची छाती ओली होती. ओदिलियानं पोर उचललं आणि धावत सुटली.

त्या रात्री तीनो गाढ झोपला. "बघ, लागलं की नाही पाणी!" सासूबाई म्हणाल्या. ओदिलियाची छाती कोरडीच होती. हे त्यांना सांगायचं कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी, सासूबाई बाजारात आणि ओदिलियाचा डोळा लागलेला असताना, दारापासून पाळण्यापर्यंत ओली पावलं उमटायची. आत येणारी. बाहेर जाणारं एकही नाही. तीनोचे गाल भरले. चौथ्या दिवशी तिनं कडी घातली.

कुणी दार ठोठावलं नाही. नुसता तीनो रडला. दुसऱ्या दिवशीही रडला. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाजच गेला. तोंड उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. ओदिलियाला ते बघवेना.

तिनं कडी काढली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"ये," ती पुटपुटली. "पाज त्याला... फक्त पाज."

पावलं वाजली. चप्... चप्... मग चुटुक चुटुक सुरू झालं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. पोर जगतंय एवढंच ती मनाशी घोकत राहिली.

आवाज थांबल्यावर तिनं पळत जाऊन तीनोला उचललं. छातीशी धरलं, तसा तो परक्या बाईनं घेतल्यासारखा किंचाळला. पाठीत वाकला, दोन्ही पायांनी तिला ढकलू लागला.

"मी आहे रे... आई आहे मी..."

तीनोनं तिच्या खांद्यावरून, तिच्या पाठीमागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिकडे दोन्ही हात पसरले आणि जन्मात पहिल्यांदा खुदकन हसला.