सोडलेली जागा

आमच्या आरोग्य केंद्राची पाण्याची टाकी चार लोखंडी खांबांवर उभी आहे, चांगली तीन पुरुष उंच. तिची तोटी अधूनमधून अडकते आणि वर मलाच चढावं लागतं, कारण शिपायाला म्हणे चक्कर येते. मी विरक, इथला नर्स. कोंपोंग स्पू प्रांतातल्या या ताडांच्या गावात सगळे मला डॉक्टर म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करायचं सोडलंय.

ताडीचा हंगाम लागला की माणसं पडतात. त्या दिवशी सकाळी दहाला चान थोलला फळीवर आडवा घालून आणलं. रसाने भरलेल्या बांबूच्या नळ्या उतरवताना शिडीची पायरी निसटली होती. तो शुद्धीत होता.

"काही झालेलं नाही, डॉक्टर. बायकोला रडायची हौस."

"गप रे! एवढा वरून पडलास, तरी जीभ काही मोडली नाही," सिनेत म्हणाली. डोळे तिचे सुजले होते.

मी त्याची मान आधार देऊन स्थिर केली, कात्रीने शर्ट कापला आणि थबकलो. छातीवर, पोटावर लाल रेघा होत्या. आमच्याकडे अंग मोडून आलं की बाम लावून नाण्याने खरवडतात. अंगातला वारा निघून जातो म्हणतात. त्यामुळे रेघांचं नवल नव्हतं. पण डाव्या बरगड्यांच्या खालच्या कडेला तळहाताएवढी जागा कोरी होती. प्रत्येक रेघ तिथवर येऊन थांबली होती.

आणि प्रत्येक रेघेला चिकटून केसासारखी दुसरी बारीक रेघ होती.

अशी जोडरेघ फक्त येय पोवच्या, गावात सगळ्यांना खरवडून देणाऱ्या म्हातारीच्या, नाण्याने उठायची, कारण त्या जुन्या चांदीच्या नाण्याची कड एका जागी उचकटलेली होती. गेल्या वर्षी तिचा तरणा नातू असाच ताडावरून पडला. म्हातारीने त्याला आधी अंगभर खरवडलं आणि मग माझ्याकडे आणलं. त्या लाल रेघांत खालचा काळानिळा मार मला दिसला नाही. पोट मऊ लागलं, मी गोळ्या देऊन घरी धाडला. संध्याकाळी तो गेला. नाडी दुसऱ्यांदा बघायला हवी होती, ती मी बघितली नाही. चूक माझी होती, पण मी साऱ्या गावासमोर म्हातारीवर ओरडलो, "तुझ्या रेघांनी मारला त्याला!"

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मोडलेली जागा सोडीन हं, बाळा."

पावसाळ्यात ती वारली. रिवाजाप्रमाणे तोंडात नाणं ठेवून तिला जाळलं. ते तेच उचकटलेलं नाणं होतं. मी जवळच उभा होतो.

"या कुणी काढल्या?" मी सिनेतला विचारलं.

"मला काय ठाऊक! सकाळी शर्ट घालताना दिसल्या. म्हटलं, कुठल्या बयेकडून वारा काढून आलास? तर हा शपथा घेतोय."

"सकाळी? म्हणजे पडायच्या आधी?"

"चढायच्याही आधी."

नाडी शहाण्णव होती, रक्तदाब ठीक होता. पोट मऊ होतं, त्या पोरासारखंच.

मी कोऱ्या जागेवर हलकेच दाबलं.

"खांदा!" थोल किंचाळला. "डावा खांदा!"

खांद्याला मी हात लावला नव्हता. प्लीहा फाटून आत रक्त साचलं की कळ तिथे उठते. मी गाडी मागवली, दोन्ही हातांना सलाइन लावलं, नाकाला प्राणवायू जोडला. तो पाणी मागत होता, ते दिलं नाही. या वेळी नाडीवरचं बोट मी काढलंच नाही.

एकशे दहा. एकशे चोवीस.

पोट हळूहळू ताठ होत गेलं.

"वाचेल ना हो?" सिनेतने विचारलं.

"वाचेल," मी म्हणालो. माझा मलाच भरवसा नव्हता.

दुपारी मोठ्या इस्पितळातून सर्जनचा फोन आला. प्लीहा काढली होती, माणूस वाचला होता. "अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं. पोट मऊ असताना तुला कळलं कसं?" मी म्हटलं, अंदाज. संध्याकाळी पॅगोड्यात येय पोवच्या नावाने उदबत्त्या लावल्या आणि मोठ्याने माफी मागितली. वर्षभराचं ओझं उतरलं असं वाटलं. खूप दिवसांनी गाढ झोपलो.

सकाळी केंद्राच्या आवारातल्या आमच्या खोलीमागे मी अंघोळीला बसलो. माझी बायको बोफा साबण घेऊन आली.

"अगं बाई! कुणी खरवडलं तुला?"

मानेवर, पाठीवर, दोन्ही हातांवर, मांड्यांवर लाल रेघा होत्या. सगळ्या जोडरेघा.

मी खाली बघितलं. गळ्यापासून कमरेपर्यंत, छाती आणि पोट, सगळं कोरं होतं.

बोफाने नळ फिरवला. दोन थेंब पडले आणि तो फुसफुसला.

"पाणी गेलं बघ," ती म्हणाली. "जरा टाकीवर चढून येतोस का?"