एक चाळीसचं कनेक्शन

गौरीशंकरच्या घरी वायफाय आलं ते लेकीच्या हट्टानं. लेक शिकायला लातूरला, तिच्या सोबतीला बायकोही तिकडंच. सास्तूरच्या घरात उरले गौरीशंकर आणि अंथरुणाला खिळलेली त्याची आई, शांताक्का. रोज संध्याकाळी व्हिडिओवर आजीचं तोंड दिसावं, एवढंच लेकीचं मागणं. वायफाय बसवणाऱ्यानं जाताना मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. कोण जोडलंय, कधी जोडलंय, सगळं त्यात दिसायचं. नको असेल त्याला बोटानं बंद करता यायचं.

गौरीशंकर लोहारा गावच्या कचेरीत कारकून. दुसऱ्याच्या अर्जातल्या चुका काढण्यात हयात गेलेली. त्याच्या हाती हे ॲप म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. दिवसातून वीसदा उघडून बघायचा.

चौथ्या दिवशी दुपारी एक चाळीसला कचेरीतून बघताना घरचा टीव्ही सोडून दुसरंच काहीतरी जोडलेलं दिसलं. नाव नाही, नुसतं ‘अनोळखी’. अडीचला गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, एक चाळीस ते अडीच.

ही वेळ कुणाची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. समोरच्या नीलम्माकाकू चार वर्षं रोज त्याच वेळी यायच्या, शांताक्काला कुशीवर वळवायच्या, पाठीला पावडर लावायच्या, दोन घोट पाणी पाजायच्या. एकाच अंगावर दिवसभर पडलं की पाठ सोलून निघते. काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. अंथरुणावरच्या माणसाची दुपार शेजारणीनं सांभाळायची, ही त्या गल्लीची रीत. घराला दिवसा कडी नसायची.

बरं, काकूंना विचारायला काय जात होतं? पण नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. गौरीशंकरनं गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲपचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘दुपारी एक चाळीसला सेवेच्या नावाखाली येऊन फुकट नेट वापरणाऱ्यांनी लाज बाळगावी.’

संध्याकाळी काकू आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. पिशवीतून मोबाइल काढून पुढं धरला. बटणांचा, रबर लावून बांधलेला. त्यात वायफाय कसलं, धड आवाज येत नव्हता.

“गौरी, बघ ह्यात. तुझं काय असंल ते काढून घे.”

“काकू, तसं न्हाय...”

“मला वाचाय येत न्हाय. सुनेनं वाचून दाखवलं. गल्लीनं बी वाचलं.”

गौरीशंकर मेल्याहून मेल्यासारखा झाला. पाय धरावेत असं वाटलं, पण समोरच्या ओट्यावर बाया बसलेल्या. उद्या माफी मागू, मनाशी म्हणाला. उद्याचं परवावर गेलं.

काकू यायच्या बंद झाल्या. सोमवारी कचेरीत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरी आई एकाच अंगावर पडलेली. एक चाळीसला मोबाइल थरथरला. अनोळखी जोडलं गेलं होतं.

संध्याकाळी घरी आला तर आईला उजव्या कुशीवर वळवलेलं, पाठीला पावडर, ओठ ओले.

“कोण आलतं, अव्वा?”

“नीलम्मा. आणिक कोण येतंय?”

आपण एवढं बोलूनही बाई आली. लाजेनं त्याचे कान तापले. तसाच गल्ली ओलांडून गेला. काकू अंगणात हात धूत होत्या, कोपरापर्यंत माती.

“म्या सकाळधरनं रानात हाय. आत्ता आले,” त्या म्हणाल्या. “तुझ्या उंबऱ्यावर पाय ठिवला न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ॲपमध्ये ते अनोळखी बंद करून टाकलं. एक चाळीसला मोबाइल वाजला, ‘प्रयत्न अडवला’. एक एक्केचाळीसला पुन्हा. मग दर मिनिटाला, थेट अडीचपर्यंत.

घरी आला तेव्हा आई सकाळच्याच कुशीवर होती. चादर पाठीला चिकटलेली.

“तिला आत येऊ दिलं न्हाईस व्हय रे?” ती एवढंच म्हणाली.

पाणी शिंपडून चादर सोडवताना त्याला रडू आलं. रजा काढता आली असती. काकूंचे पाय धरता आले असते. पण त्यासाठी आपलं चुकलं हे चार माणसांत म्हणावं लागणार, आणि तेवढं त्याच्यानं होईना. त्यानं ॲप उघडलं आणि ‘परवानगी द्या’वर अंगठा दाबला. स्वतःच्या अंगठ्याची त्याला किळस आली.

रविवारी तो घरीच होता. एक चाळीसला मोबाइल थरथरला. आतल्या खोलीत खाट करकरली. पावडरचा वास आला. त्यानं आत पाहिलं नाही.

तेवढ्यात नीलम्माकाकू दारात आल्या.

“गौरी, राग धरून माणसाची पाठ बरी व्हत न्हाय. सर बाजूला, शांताक्काला बघते.”

तो दार अडवून उभा राहिला. “नको, काकू.”

“का रं?”

आतून आवाज आला. “हात द्या, शांताक्का. आता इकडं वळा.”

आवाज नीलम्माकाकूंचा होता. वाक्याच्या शेवटी बारीक खोकायची सवयसुद्धा.

काकू ऐकत राहिल्या. मग काही बोलायला तोंड उघडलं. शब्द निघाला नाही. पुन्हा उघडलं. गळ्यावर हात ठेवला, आणि पायरी उतरून निघून गेल्या.

दीड महिना झाला. काकूंना लोहाऱ्याला दाखवलं, सोलापूरला नेलं. घसा साफ आहे, डॉक्टर म्हणतात. शांताक्काची पाठ मात्र आता छान सुकली आहे.

काकूंचा आवाज कुठं आहे, ते गौरीशंकरला माहीत आहे. अनोळखी बंद केलं तर तो त्यांना परत मिळेल, असंही त्याला वाटतं. रोज दुपारी तो ॲप उघडतो, अंगठा जवळ नेतो, आईची पाठ आठवतो आणि मोबाइल खिशात टाकतो.

रविवारी तो दारातच बसतो. समोरच्या ओट्यावर काकू बसलेल्या असतात. एक चाळीसला आतून बोलणं सुरू होतं. काकू त्याच्याकडं बघत राहतात, आणि आतल्या प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचे ओठ हलतात.