पहिल्या रांगेत गुलाब

“पुढे ढकललं म्हणजे काय? नाटक आहे की लोणचं, मुरायला ठेवायला?”

राजेश्वरी एवढ्या जोरात ओरडली की अनघाताईंच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळला. मुलांचं नाटक अनघाताईच बसवत होत्या. बाई गोड, पण समोरचा सांगेल ते सगळं खरं मानायची त्यांना वाईट खोड होती.

“अगं, रंगमंदिराच्या छताला तडे गेलेत. हनुमंतराव स्वतः म्हणाले,” त्यांनी पदरानं सांडलेलं पाणी टिपलं. “महोत्सव आता तुळशीच्या लग्नानंतर. तेवढीच आपली तालीम वाढेल!”

राजेश्वरीच्या मनात प्रत्येक माणसाचं एक खातं उघडलेलं असे. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. तळेगावातल्या ‘मोरपीस रंगमंदिरा’चे व्यवस्थापक हनुमंतराव यांच्या जमेच्या बाजूला तिला आजवर एक ओळ लिहिता आली नव्हती. नावेची बाजू मात्र ओसंडून वाहत होती. प्रेक्षक घामानं निथळू लागले की हे गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणत, “एसीचा पार्ट यायचाय, जपानहून!” तो पार्ट राजेश्वरी बालवाडीत असल्यापासून येत होता. एखादी आगबोटही एवढ्या काळात चालत आली असती! अख्खं गाव कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत नाटक बघे, आणि हनुमंतराव आपल्या केबिनमध्ये पंख्याखाली भजी खात.

“ताई,” कोपऱ्यातून चिंगी म्हणाली, “तुळशीच्या लग्नाला मी हितं नसंन.”

चिंगी तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतली. तळेगावात वसतिगृहात राहून ती राजेश्वरीच्याच वर्गात शिकत होती. नाटकात झोप हरवलेला राजा होता, आणि तो राजा चिंगी होती. कागदाच्या मुकुटातही ती असा काही दरारा आणे की शिपाई झालेला करण खरोखर चळचळा कापे.

“भाऊबीज झाली की आमी भट्टीवर,” चिंगी म्हणाली. “आय-बा विटा पाडत्यात, मी धाकट्याला सांभाळती. मग पावसाळ्यालाच माघारी. दुसरा राजा बघा.”

“दुसरा राजा कुठून आणू?” अनघाताई कळवळल्या. “पण छताला कोण काय करणार गं?”

राजेश्वरीनं करणकडे पाहिलं. करणनं तोंडातला लाडू घाईघाईनं गिळला. शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहत असल्यामुळे त्याला ती नजर ओळखता येत असे.

“चला दोघं,” ती म्हणाली. “निदान तडे तरी बघून येऊ.”

रंगमंदिराच्या दारावर पाटी डकवलेली होती. ‘धोकादायक इमारत. प्रवेश बंद.’ खाली ट्रस्टच्या अध्यक्षा माधवीबाई यांची झोकदार सही. माधवीबाई सही करताना वाचत नसत आणि भाषण करताना थांबत नसत, हे तळेगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तिघं वळसा घालून मागच्या अंगणात गेली. तिथे नाटकाचं सामान आत घ्यायचं भलंमोठं शटर होतं, आणि त्याच्याशेजारी भिंतीतून आलेल्या नळीतून थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. खाली चांगलं डबकं साचलं होतं. ऑक्टोबरच्या त्या रखरखाटात दोन साळुंक्या त्यात मजेत अंघोळ करत होत्या.

“टाकी गळत असेल,” करण म्हणाला.

राजेश्वरीनं पाण्यात बोट घातलं. “गार आहे! करण, तुमच्या एसीच्या नळीतून असंच पाणी येतं ना?”

“येतं. पण इथला एसी तर बंद... पार्ट... जपान...” करणचं तोंड उघडंच राहिलं.

“गप!” चिंगीनं शटरला कान लावला होता. “आत माणूस हाय. गाणं म्हणतंय!”

“गाणं?”

“व्हय. लय बेसूर. छत पडायचं भ्या त्याला न्हाई व्हय?”

भिंतीला लागून एक लोखंडी जिना होता. तो वर, नाटकाचे दिवे लावणाऱ्या माणसाच्या खोलीत जाई. खोलीची कडी कधीचीच मोडलेली. तिघं पाय न वाजवता वर चढली, आणि काचेला नाक लावून खाली बघतात तो काय!

खुर्च्याखुर्च्यांवर बादल्या! आणि प्रत्येक बादलीत गुलाब! लाल, पिवळे, शेंदरी, जुड्याच्या जुड्या! प्रत्येक कळीला जाळीची इवलीशी टोपी. पहिल्या राखीव रांगेत तर असे ऐटीत बसले होते, जणू आता उठून कुणाचा तरी सत्कार करतील. रंगमंचावरही बादल्याच बादल्या, आणि सांडलेल्या पाण्यानं लाकडी फळ्या काळ्या पडलेल्या. एसीचा गारवा काचेपर्यंत पोचत होता. मधल्या वाटेत एक हमाल स्वेटर घालून गात बसला होता. स्वेटर!

“माझी आय कवा कवा फुलांच्या पॉलीहाउसला कामाला जाती,” चिंगी कुजबुजली. “कळी उमलू नये म्हणून टोप्या घालत्यात. गारव्याला ठेवलं की टिकत्यात. दिवाळीला भाव चढला की काढायची.”

“आणि हनुमंतरावांचे मेहुणे कोण?” करण म्हणाला.

“फुलांचे व्यापारी! आकाशशेठ!” राजेश्वरीनं दात आवळले. “म्हणजे माणसांना जपानचा पार्ट, आणि गुलाबांना थंडगार हवा! करण, फोटो काढ!”

करणनं आईचा जुना मोबाइल काढला. फोटो निघालाही. काचेत उमटलेलं करणचं नाक त्यात फार स्पष्ट आलं होतं. गुलाब एकही नव्हता.

“अप्रतिम,” राजेश्वरी म्हणाली. “आता हे नाक पुरावा म्हणून देऊ या.”

त्यांनी धावत जाऊन अनघाताईंना सगळं सांगितलं. आणि अनघाताईंनी काय करावं? सरळ हनुमंतरावांनाच फोन करून विचारलं! “मुलं म्हणतात, आत गुलाब आहेत. असं काही नाही ना हो?” नाही, असं काही नव्हतं. मुलांची कल्पनाशक्ती मात्र दांडगी होती, आणि नाटकवाल्या मुलांची असायचीच. संध्याकाळी बघतात तर लोखंडी जिन्याच्या तोंडाला नवंकोरं कुलूप!

“संपलं,” करण पायरीवर बसला. “आता कोण विश्वास ठेवणार?”

चिंगीनं दप्तरातून कागदाचा मुकुट काढला आणि करणच्या डोक्यावर ठेवला. तो त्याच्या कानांवर घसरला.

राजेश्वरीला ते बघवेना. तिनं मुकुट उचलून परत चिंगीच्या मांडीवर ठेवला आणि ती येरझाऱ्या घालू लागली. “आपण चुकतोय. खोटारड्याला ‘तू खोटा’ म्हटलं की तो भांडतो, शपथा घेतो. त्यापेक्षा त्याचं म्हणणं खरं मानायचं. अगदी शेवटपर्यंत खरं मानायचं! तो म्हणतो ना, इमारत धोकादायक आहे? आहे! मग धोकादायक इमारतीचं काय काय करतात, ते सगळं करायचं.”

“म्हंजी?” चिंगीनं मान वर केली.

राजेश्वरीनं सांगितलं. ऐकता ऐकता चिंगीच्या तोंडावर राजाचं हसू आलं.

दुसऱ्या दिवशी महोत्सव लांबल्याचं सांगायला ट्रस्टनं पालकांची सभा बोलावली होती. सभा रंगमंदिरासमोरच्या अंगणात, भर दुपारी! वेळ ठरवणारे अर्थात हनुमंतराव. लोक उन्हानं लवकर उठून जातील हा हिशोब. माधवीबाई खुर्चीत विराजमान होत्या. सुरक्षितता, संस्कृती आणि स्वतः या तीन विषयांवर त्यांचं भाषण चाललं होतं. मध्येच त्या म्हणाल्या, “कुणाला काही शंका?”

राजेश्वरी उठली. इतक्या गरीब चेहऱ्यानं, की करणला हसू दाबायला खोकावं लागलं.

“मॅडम, भीती वाटते. छत पडणार आहे, आणि आत वीज चालू आहे. ओल आली, तारा तुटल्या, आग लागली तर? शेजारी आमची शाळा आहे!”

पालकांत खळबळ उडाली. “बरोबर आहे!” “पोरीला कळतं ते यांना कळत नाही!”

“वीज... वीज तशी बंदच आहे,” हनुमंतराव घाईनं म्हणाले.

“मग बंद असलेली बंद करायला काय हरकत आहे?” करण भाबडेपणानं म्हणाला. “माझे शिदूमामा वायरमन आहेत. आलेच आहेत ते!”

शिदूमामांनी खिशातून पक्कड काढून दाखवली. एवढ्या लोकांसमोर सुरक्षिततेवर बोलून झाल्यावर माधवीबाईंना दुसरं काही म्हणणंच शक्य नव्हतं. “अगदी योग्य! शिदूभाऊ, आत्ताच्या आत्ता फ्यूज काढा!”

हनुमंतरावांच्या कपाळावर घाम तरारला. मीटरचा डबा फाटकापाशीच होता. शिदूमामांनी फ्यूज काढून खिशात टाकला, आणि मागच्या बाजूची कुठलीशी घरघर थांबली. हनुमंतराव मोबाइल कानाला लावून हळूच झाडामागे सटकले. त्या झाडाच्या दुसऱ्या बाजूला चिंगी चिंचा वेचत होती. झाड कडुलिंबाचं होतं, पण हनुमंतरावांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“काय म्हणाला?” चिंगी परत येताच राजेश्वरीनं विचारलं.

“म्हनला, ‘लगीच ये, माल उमलंल. समोर सभा हाय, बोळातल्या दारानं आत शिर आन् मागच्या शटरनं काढ.’”

“मागच्या शटरनं!” राजेश्वरीचे डोळे चमकले. ती थेट माधवीबाईंपाशी गेली. “मॅडम, तुम्हाला किती ऊन लागतंय! मागच्या अंगणात इमारतीची छान सावली आहे. भिंतीपासून लांब बसू, पलीकडच्या कडेला.”

माधवीबाई पदरानं वारा घेत तात्काळ उठल्या. “चला, सगळे मागे चला!”

“मागे नको!” हनुमंतराव किंचाळले. “मागे... घाण आहे! साप आहेत!”

“काल आमाला येक बी दिसला न्हाई,” चिंगी म्हणाली. “लाजत असत्याल.”

लोकांनी आपापली खुर्ची उचलली. करणनं दोन खुर्च्या हनुमंतरावांच्या काखेत दिल्या, वर स्पीकर ठेवला, आणि पुन्हा फोन लावायला त्यांचा एकही हात मोकळा राहिला नाही. चिंगीनं मागच्या अंगणात खुर्च्यांच्या रांगा लावून घेतल्या. सगळ्या खुर्च्यांची तोंडं शटरकडे! मुलं पुढे, मोठी मागे, मधोमध माधवीबाई. माधवीबाईंनी भाषणाचा तुटलेला धागा पकडला. “तर मी काय म्हणत होते, सुरक्षितता...”

खर्रर्रर्र!

शटर वर जाऊ लागलं. आधी दिसल्या चपला. मग बादल्या. मग गुलाब. आणि शेवटी दोन्ही हातांत दोन बादल्या घेतलेले, घामाघूम झालेले आकाशशेठ! मागे स्वेटरवाला हमाल, त्याच्याही हातात गुलाब.

समोर अख्खं गाव खुर्च्या मांडून बसलेलं!

आकाशशेठना एवढ्या उजेडात फक्त हनुमंतराव दिसले. ते ओरडले, “अहो दाजी, एसी कुणी बंद केला? सगळा माल उमलायला लागलाय!”

चिंगीनं जोरात टाळ्या वाजवल्या. “वा! काय एंट्री घेतली!”

आणि सगळं अंगण हसू लागलं. पालक उठून आत घुसले. छत धडधाकट होतं. हनुमंतरावांनी हयातीत जे काही सांभाळलं त्यात तेवढंच धड होतं, तेही त्यांचा हात पोचत नव्हता म्हणून! खुर्च्यांच्या गाद्या मात्र ओल्याचिंब, रंगमंच निसरडा. “मी समजावतो...” हनुमंतराव काखेत खुर्च्या घेऊनच म्हणत होते, पण समजून घ्यायला कुणी रिकामं नव्हतं. माधवीबाईंनी तिथल्या तिथे त्यांना कामावरून काढलं, आणि आपल्याला पहिल्यापासून संशय होता असंही सांगून टाकलं. त्यांच्याच सहीची पाटी करणनं आदरानं त्यांच्या हातात दिली.

उरलेला वेळ सगळ्यांनी फडकी घेऊन रंगमंदिर पुसलं. अनघाताई राजेश्वरीच्या शेजारी गुडघ्यांवर बसून फळ्या पुसत होत्या. “मी तुमचं ऐकायला हवं होतं गं,” त्या म्हणाल्या. राजेश्वरीनं त्यांच्या खात्यात जमेला एक ओळ लिहिली. खोड जाणार नव्हती. पण बाई कबूल तरी करत होती.

महोत्सव ठरल्या दिवशीच झाला, दिवाळीच्या आधी. तिकोणा पेठेकडून टेंपो भरून वाडीतली माणसं आली. चिंगीच्या आईनं, रूपाबाईनं, आत शिरताना दारात चपला काढल्या, मग सगळ्यांच्या पायांकडे बघून परत घातल्या. झोप हरवलेला राजा सिंहासनावर येऊन बसला आणि शेवटच्या रांगेतलं पोरगंसुद्धा सावरून बसलं. हसून हसून लोकांचे गाल दुखले. शेवटी राजाला झोप लागली, तेव्हा रूपाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

पडदा पडला तशा माधवीबाई माइक घेऊन अवतरल्या. “ही चाणाक्ष मुलं म्हणजे आपल्या मावळचं भूषण! मी तर म्हणेन, राजेश्वरी, करण आणि... आणि ही आपली... राजा झालेली... यांच्या हुशारीमुळे, आणि अर्थातच ट्रस्टच्या, म्हणजे माझ्या, मार्गदर्शनाखाली...”

भाषण लांबत चाललं. राजेश्वरी विंगेत पडद्याची दोरी धरून उभी होती. चिंगी मुकुट हातात घेऊन बाजूला अवघडून उभी होती. तेवढ्यात मधल्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

“ओ बाई, तुमी बसा की खाली! तुमी काय, उद्या बी हितंच हायसा. माझ्या पोरीला बोलू द्या पुन्यांदा!”

रूपाबाई उभी होती. तिच्या मागोमाग सगळी वाडी उभी राहिली, मग सगळं तळेगाव. टाळ्या थांबेचनात. माधवीबाईंनी जन्मात पहिल्यांदा वाक्य अर्धवट सोडलं आणि माइक खाली ठेवला.

राजेश्वरीनं दोरी ओढली. चिंगीनं मुकुट घातला, सिंहासनावर बसली, पाय हलवत समोरच्या अंधारात एकवार पाहिलं, आणि राजाच्या आवाजात विचारलं, “आमच्या राज्यात या वेळी कोण कोण जागं आहे?”

“आमी!” अख्खं रंगमंदिर ओरडलं.